कुलपावरचा झेंडा : एका रशियन रिळाच्या कामाच्या नोंदी

३ जून

मिरजेहून काकांचं पार्सल आलं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात जुन्या लुंगीत गुंडाळलेलं टेपचं एकच रीळ. १५ सेंटिमीटरचं, पुठ्ठ्याच्या चौकोनी खोक्यात. खोक्यावर 'स्वेमा' ही खूण आणि 'टाइप १०'. स्वेमाचा कारखाना शोस्त्का गावचा, आता ते युक्रेनमध्ये येतं. खोक्याच्या आतल्या बाजूला निळ्या शाईत, काकांच्या गोल अक्षरात, देवनागरीत लिहिलंय: 'मशीना व्रेमेनी. १९७८. वाटा चार. कोणास देऊ नये.'

काका १९७७ ते १९८३ मॉस्कोत लुमुंबा विद्यापीठात शिकायला होते. मिक्लुखो-मक्लाया रस्त्यावरच्या हॉस्टेलमध्ये एका खोलीत चौघे. बाकीच्यांना वाचता येऊ नये म्हणून लिपी आपली. 'वाटा' म्हणजे काय ते विचारलं. म्हणाले, "अगं, ट्रॅक. तिकडं त्याला दोरोझ्का म्हणतात. दोरोझ्का म्हणजे पाऊलवाट. मग वाटच की." या नोंदींत मीही वाटच म्हणणार आहे, ट्रॅकपेक्षा बरं वाटतं.

परत आल्यापासून चाळीसेक वर्षांत त्यांनी हे रीळ एकदाही ऐकलेलं नाही. ज्या गावात सतारीची जवारी लावून देणारे गल्लीत सापडतात, तिथे रिळाचा टेपरेकॉर्डर मिळाला नाही.

काम: रिळावरचं सगळं संगणकात उतरवणं, काय आहे याची यादी करणं. मोबदला: एक पेटी बेदाणा. आगाऊ आला आहे.

४ जून

पाहणी. वास घेतला, शिर्क्याचा वास नाही. म्हणजे ॲसिटेटची टेप नाही, सुटलो. ॲसिटेट कुजायला लागली की आंबूस वास सुटतो, टेप आखडते, आणि मग वाजवताना तुकडे पडतात. ही पातळ पॉलिस्टरची. रशियन नाव लावसान, ज्या प्रयोगशाळेत हे प्लास्टिक तयार झालं तिच्या नावाची आद्याक्षरं जोडून केलेलं.

वाईट बातमी दोन. कडेला बुरशीचे पांढरट ठिपके आहेत, आणि टेपला सात ठिकाणी जोड आहेत. जोड साध्या चिकटपट्टीचे. तिचा डिंक पाघळून शेजारच्या वेढ्यांना लागलाय.

जूनमध्ये पुण्याच्या हवेत हे उघडायचं नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवून दिलं. आठवडाभर हात लावायचा नाही.

७ जून

रीळ सुकतंय तोवर अभ्यास. खोक्यावर नाव आहे त्या बँडबद्दल काकांच्या तोंडून लहानपणापासून ऐकलंय, पण माहिती म्हणून काहीच नव्हती.

'मशीना व्रेमेनी' म्हणजे कालयंत्र. १९६९ मध्ये मॉस्कोच्या १९ नंबरच्या शाळेतल्या पोरांनी सुरू केलेला बँड. या शाळेत इंग्रजी विशेष शिकवलं जाई, हा तपशील पुढे लागणार आहे. मुख्य माणूस अन्द्रेई मकारेविच, जन्म १९५३, वडील वास्तुविशारद. त्याने आठवणींत लिहिलंय की तो शाळेतून घरी आला तेव्हा वडील शेजाऱ्याकडून आणलेली बीटल्सची तबकडी फिलिप्सच्या छोट्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेत होते, आणि त्याला वाटलं की इतकी वर्षं कानात कापसाचे बोळे होते ते कुणी काढले. गोष्टीची सुरुवातच कॉपी करण्यापासून आहे. हे लक्षात ठेवलंय.

नाव आधी अनेकवचनी होतं, 'कालयंत्रं', बीटल्ससारखं. १९७३ मध्ये एकवचनी झालं. सुरुवातीला सेर्गेई कावागोए हा साथीदार होता. आडनाव जपानी, कारण वडील जपानी.

पहिल्या वर्षी त्यांनी टेपवर अकरा गाणी भरली. सगळी स्वतः रचलेली, सगळी इंग्रजीत. सोळा वर्षांची मॉस्कोची पोरं, घरी-दारी रशियन बोलणारी. रॉक म्हणजे इंग्रजीच, अशी समजूत होती. रशियन शब्दांत रॉक बसत नाही असं वाजवणारेच म्हणायचे.

तरी त्यांच्या आधी दोघातिघांनी करून पाहिलं होतं. मॉस्कोत 'सोकोल' नावाचा बँड, आणि अलेक्सान्द्र ग्रादस्कीचे 'स्कोमोरोखी', १९६६ पासून. स्कोमोरोख म्हणजे जुन्या रशियातले गावोगाव फिरणारे सोंगाडे. नावातच त्यांनी भाषा निवडली होती. लेनिनग्राडमध्ये 'सांक्त पेतेरबुर्ग', त्याचा गायक व्लादिमिर रेक्शान उंच उडी मारणारा खेळाडू.

११ जून

रीळ काढलं. बाल्कनीत, मास्क लावून, कोरड्या मऊ फडक्याने बुरशी पुसली. हाताने फिरवत सगळी टेप एका रिळावरून दुसऱ्यावर घेतली. तीनशे पंचाहत्तर मीटर. मधे दोनदा पाऊस आला, दोनदा आत पळाले.

सातही जोड सोडवून नव्या पट्टीने केले. जुना डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने टिपून काढला. एका जोडाशी टेप तिरकी कापण्याऐवजी सरळ कापलेली आहे, दातांनी तोडल्यासारखी. फोनवर विचारलं. "कात्री कुठनं आणायची रात्री एक वाजता?" म्हणाले.

१३ जून

पहिला प्रयत्न, फसला.

संग्राहक मित्राकडून रिव्हॉक्स बी ७७ आणला होता. देखणं रिळाचं यंत्र, पण त्याचं हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग, दोन वाटांचं. वाजवलं तर एकाच वेळी गाणं सुलटही वाजतंय आणि उलटही. घरातलं मांजर उठून गेलं.

कारण उघड आहे, आधीच कळायला हवं होतं. काकांनी खोक्यावर लिहिलंयच, 'वाटा चार'. त्या काळच्या घरगुती सोव्हिएत यंत्रांवर सव्वासहा मिलिमीटर टेपची रुंदी चार वाटांत वाटली जाई. १ आणि ३ एका दिशेने, मग रीळ उलटायचं, २ आणि ४ दुसऱ्या दिशेने. रिव्हॉक्सचं रुंद हेड एका बाजूला १ आणि २, दुसऱ्या बाजूला ३ आणि ४ एकदमच वाचतं: एक जाताना, एक येताना.

टेप महाग होती म्हणून हा उद्योग. ९.५३ सेंटिमीटर वेगाने एका वाटेवर पासष्ट मिनिटं, चार वाटांवर चार तासांच्या वर. एका रिळात चार तबकड्या आरामात बसतात.

१६ जून

त्याच मित्राकडे अकाईचा जीएक्स-४०००डी धूळ खात होता. हे चार वाटांचं यंत्र. हेड साफ केलं, पट्टा बदलला, तो मिळवायला दोन दिवस बुधवार पेठेत गेले.

आता डावीकडून पहिली वाट आणि उजवीकडून तिसरी, दोन्ही सुलट. डाव्या कानात एक बँड, उजव्या कानात खरबरीत आवाजाचा माणूस गिटारवर ओरडून गातोय. दोन्ही एकदम ऐकले तर वेड लागेल. वेगळे केले की दोन्ही स्वच्छ. म्हणजे 'स्वच्छ' हा शब्द जरा उदारपणे वापरतेय.

हेडचा कोन प्रत्येक वाटेसाठी कानाने लावला. संगणकात ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट या दर्जाने उतरवलं. रीळ उलटून पुन्हा. चारही वाटा उतरल्या.

१७ जून

वाटांचा हिशेब:

तिसरी वाट व्लादिमिर विसोत्स्की, गिटारवर स्वतःच्या कविता गाणारा. ओळखायला काकांची गरज नाही. चौथी वाट बोनी एम हा डिस्को बँड. काका सांगतात, १९७८ च्या डिसेंबरात बोनी एम मॉस्कोला आले होते तेव्हा हॉस्टेल वेडं झालं होतं. 'रासपुतिन' हे गाणं मात्र त्यांना तिथे गाऊ दिलं नव्हतं. टेपवर आहे, हे सांगायला नकोच.

पहिली वाट मशीना व्रेमेनी.

दुसऱ्या वाटेवर सुरुवातीची चार मिनिटं काहीतरी बोलणं, पुढे कोरी. ते बोलणं उद्या.

१९ जून

दुसरी वाट. काका आहेत. वीस वर्षांचे.

माइक लावून रशियन उच्चार घोकतायत. शेजारी कुणीतरी रशियन मुलगा शिकवतोय आणि हसतोय. काका म्हणतात, "झमोक." तो म्हणतो, "न्येत. झामक!" काका पुन्हा, "झमोक." असं अकरा वेळा. मग काका मराठीत एक शिवी घालतात, ती मी यादीत 'अस्पष्ट' म्हणून नोंदवली आहे.

मला कळेना. फोन केला. ही नोंद त्या फोनची.

रशियनमध्ये हे दोन शब्द लिहायला अगदी सारखे. पहिल्या अक्षरावर जोर दिला, झामक, तर किल्ला. दुसऱ्यावर दिला, झमोक, तर कुलूप. जोर नाही पडला तो 'ओ' विरघळून 'अ' होतो, म्हणून उच्चारही बदलतो. तसाच 'मोस्क्वा' लिहायचं आणि 'मस्क्वा' म्हणायचं. जोर कुठल्या अक्षरावर याला नियम नाही, पाठ करायचं. बरं, तोच शब्द विभक्ती बदलली की कधी कधी जोर पुढेमागे सरकवतो.

"आणि हे टेपवर का घोकत होता तुम्ही?"

"अगं, गाण्याचं नाव आलं ना चुकून. खोक्यात बघ, चिठ्ठी असंल."

खोक्याच्या तळाशी, पुठ्ठ्याच्या दोन थरांत सरकलेली, वहीच्या पानाची घडी. पहिल्या वाटेवरच्या गाण्यांची यादी, रशियन नाव देवनागरीत आणि पुढे अर्थ. 'मारिओनेत्की: कळसूत्री बाहुल्या.' 'सोल्नेच्नी ओस्त्रोव: उन्हाचं बेट.' 'पवारोत: वळण.' 'पका गरीत स्वेचा: मेणबत्ती जळते तोवर.' आणि सातव्या ओळीत, 'फ्लाग नाद झमकोम: कुलपावरचा झेंडा.'

किल्ल्यावरचा झेंडा आहे ते. नाद झामकम. शिवाजी महाराजांच्या मुलखातून गेलेल्या माणसाने किल्ल्याचं कुलूप केलं होतं, म्हणून खोलीतल्या मित्राने त्यांना माइकसमोर बसवून घोकायला लावलं.

२० जून

कालची गोष्ट डोक्यातून जात नाही. रशियन शब्द रॉकमध्ये बसत नाहीत असं ते का म्हणायचे, हे मला पुस्तकांतून कळलं नव्हतं, काकांच्या अकरा झमोकांतून कळलं.

रॉकचा ठेका ठोकून चालतो. इंग्रजीत एकाक्षरी शब्द भरपूर. ठोक्याला एक शब्द ठेवत गेलं की झालं. रशियन शब्द लांब, आणि एका शब्दात जोर एकाच अक्षरावर. ठोका भलत्या अक्षरावर पडला तर शब्द वेडावाकडा ऐकू येतो, कधी अर्थच बदलतो. झेंडा किल्ल्यावरून कुलपावर जातो.

आपल्याला हे समजायला जड जातं, कारण मराठीत जोराने अर्थ बदलत नाही. आपण अक्षर ओढतो. जात्यावर ओवी म्हणताना शेवटचं अक्षर दळण संपेपर्यंत ताणलं तरी ओवीच राहते. रशियनला ही सोय नाही.

मग या मंडळींनी काय केलं? ग्रादस्कीकडे गळा होता. तो पुढे ग्नेसिन संस्थेत शास्त्रीय गायन शिकला, आवाजाच्या जोरावर तो काहीही बसवू शकत होता. मकारेविचचा गळा तसा नाही. पातळ, जरा नाकातला, फार वर न जाणारा. पण गिटारवर कविता गाणाऱ्यांची, म्हणजे ओकुद्झावा आणि विसोत्स्की यांची परंपरा त्याच्या घरातल्या हवेत होती. त्या परंपरेत शब्द बोलतो तसाच गायचा, चालीने त्याच्यामागून यायचं. मला पहिल्या वाटेवर हेच ऐकू येतं. ड्रम आणि बास रॉकचे आहेत, वरचा माणूस मात्र जवळजवळ बोलतोय. ठेका त्याला वाट करून देतो.

एकाच रिळावर पहिल्या वाटेला मकारेविच आणि तिसऱ्या वाटेला विसोत्स्की, हे काकांनी जागा वाचवायला केलं असणार. पण जोडी अगदी बरोबर पडलीय.

२३ जून

आज नुसतं तंत्र. कंटाळा येणाऱ्यांनी पुढच्या तारखेला जावं.

पहिल्या वाटेच्या आवाजाचा आलेख संगणकावर काढला आणि त्यातला खालच्या सुरांचा पट्टा मोठा करून पाहिला. विजेची गुणगुण ५० हर्ट्झला असते, रशियातही आणि इथेही. माझ्या अकाईची स्वतःची रेघ बरोबर ५० वर आहे. पण शेजारी आणखी तीन रेघा: ४९.१, ५०.६ आणि ५१.४. प्रत्येक यंत्राने उतरवून घेताना आपली गुणगुण टेपवर सोडली, आणि प्रत्येकाचा वेग थोडा वेगळा असल्याने ती वेगळ्या जागी दिसते. झाडाच्या खोडातली वलयं मोजावीत तसं. काकांच्या रिळापर्यंत हे गाणं निदान तीन यंत्रांतून आलंय.

शेवटचं गाणं संपल्यावरही जी रेघ चालू राहते ती ५१.४ ची. म्हणजे ती हॉस्टेलमधल्या यंत्राची. काका म्हणतात ते कीवच्या कारखान्यातलं 'मायाक' होतं, आणि चालवताना त्याच्यावर जाडजूड शब्दकोश ठेवावा लागे. ते यंत्र जरा सावकाश फिरत होतं, म्हणून माझ्याकडे सगळं अर्धस्वराच्या निम्म्याने वर वाजतं. २.७ टक्क्यांनी उतरवलं. मकारेविचचा आवाज लगेच दोनचार वर्षांनी मोठा झाला.

उतरवून घेण्याची किंमत काय होती, तेही विचारून घेतलं. हत्तीच्या चित्राचा चहा. भारतातून गेलेल्या चहाच्या पाकिटावर हत्ती असे आणि तो तिकडे फार मानला जाई. गंमत अशी की काकांनी तो मॉस्कोच्याच दुकानात रांग लावून घेतला होता. "भारतीय माणसानं दिला म्हणजे अस्सल," असं गाणी उतरवून देणाऱ्याला वाटलं.

२५ जून

तारखेवरून वाद.

काका म्हणतात रीळ १९७८ चं, रशियन शिकायच्या पहिल्या वर्षातलं. खोक्यावरही तेच आहे. पण यादीत 'पवारोत' आहे, आणि टेपवरही आहे. ते गाणं १९७९ च्या आधी असूच शकत नाही. त्या वर्षी बँड फुटला. कावागोए आणि बास वाजवणारा येव्गेनी मार्गुलिस बाहेर पडून 'वस्क्रेसेनिए' या नव्या बँडमध्ये गेले. मकारेविचकडे अलेक्सान्द्र कुतिकोव परत आला, नवे आले ड्रमवर वालेरी येफ्रेमोव आणि कीबोर्डवर प्योत्र पोदगोरोदेत्स्की. पवारोतची चाल कुतिकोव आणि पोदगोरोदेत्स्की यांची, शब्द मकारेविचचे. पुढे काय वाढून ठेवलंय ते वळल्याशिवाय कळत नाही, असं काहीसं गाणं. सगळ्या देशात गाजलं.

काकांना हे सांगितलं. दोन मिनिटं गप्प. मग, "खोकं ७८ चं असंल. टेप मागनं भरली असंल." मग आणखी दोन मिनिटांनी, "पण मला तर ते गाणं बर्फ पडताना ऐकलेलं आठवतंय, पहिल्या हिवाळ्यात."

यादीत 'खोक्यावर १९७८. ध्वनिमुद्रण १९७९ किंवा नंतरचं' असं लिहिलं. बर्फाबद्दल काही लिहिलं नाही. बर्फ तिथे दरवर्षीच पडतो.

पहिली वाट सलग एका बैठकीची नाहीच. काही गाण्यांना खोलीचा बंदिस्त आवाज आहे, काहींत टाळ्या आणि खोकला. कुणीतरी इकडून तिकडून जमवलंय, एक गाणं तर मधेच तोडून.

२८ जून

हिस, म्हणजे टेपची मागे सतत चालणारी 'स्स्स', काढायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. का, ते लिहून ठेवते.

तीन यंत्रांतून आल्यावर वरचा भाग साधारण सहा-सात किलोहर्ट्झच्या पुढे उरलेलाच नाही. झांजा म्हणजे वाळूत पाय ओढल्यासारखा आवाज. खालचाही गेलाय, बास असल्याचा अंदाज येतो, सूर ऐकू येत नाही. आणि राहिलेल्या हिसवर चाळणी लावली की त्याच्यासोबत रशियनचे 'श', 'स', 'त्स', 'श्च' जातात. ही भाषा या आवाजांनी भरलेली आहे आणि ते नेमके हिसच्याच पट्ट्यात बसतात. चाळणी लावलेला मकारेविच बोबडा ऐकू येतो.

पण मधला पट्टा बघा. तीनशे ते तीन हजार हर्ट्झ, टेलिफोनवर जेवढं ऐकू येतं तेवढं. तो तीनदा उतरवल्यानंतरही शाबूत आहे. त्यात काय असतं? माणसाचं बोलणं.

या बँडची स्वतःची पहिली मोठी तबकडी सरकारी 'मेलोदिया' कंपनीने काढली ती १९८६ मध्ये, तीही त्यांना न विचारता जुळवलेली. सतरा वर्षं गाणी पसरली ती रिळावरून रिळावर. आणि प्रत्येक रीळ थोडे ड्रम खाई, थोडा बास खाई, गिटारची धार खाई. शब्द तेवढे पोचायचे. व्लादिवोस्तोकच्या पोराने मशीना व्रेमेनी ऐकली असेल तर बहुतेक अशीच ऐकली: मागे काहीतरी धडधडतंय आणि पुढे एक माणूस स्पष्ट बोलतोय. मग पुढच्या बँडवाल्याने कशाचा ध्यास घ्यावा? रशियन रॉकला शब्दांचं वेड आहे, वाजवण्याकडे दुर्लक्ष आहे असं नेहमी म्हणतात, आणि त्याचं श्रेय रशियन माणसाच्या काव्यप्रेमाला देतात. असेलही. मी ध्वनीचं काम करणारी बाई आहे. मला त्यात मायाकचा आणि स्वेमाचा हात दिसतो.

एक गोष्ट माझ्या बाजूने. १९७८ च्या उन्हाळ्यात त्यांनी बरीच गाणी नीट भरून घेतली ती मॉस्कोच्या गीतीस या नाट्यसंस्थेत. कुतिकोव तिथे नोकरीला होता. रात्री, एका टेपवरून दुसऱ्यावर नेत थर चढवत. आणि ती खोली संगीताची नव्हतीच, नटांना संवाद शिकवायचा स्टुडिओ होता.

पैशाचंही तसंच. १९७५ च्या 'अफोन्या' या दानेलियाच्या चित्रपटात त्यांचं गाणं थोडंसं वाजतं. त्या मानधनातून त्यांनी काय घेतलं? गिटार नाही, ॲम्प्लिफायर नाही. ग्रुंडिगचा टेपरेकॉर्डर.

२ जुलै

काका स्वतः आले. पालखीच्या गर्दीत अडकून चार तास उशिरा, सोबत पुन्हा बेदाणा.

हेडफोन नको म्हणाले. "तसं कुणी ऐकत नव्हतं." स्पीकर लावले. जमिनीवर बसले, पाठ भिंतीला. पहिल्या गाण्याला काही बोलले नाहीत. 'मारिओनेत्की'ला बोटाने हवेत दोरे ओढले आणि हसले. म्हणाले, गाण्यात नुसत्या बाहुल्या आहेत, बाकीचं ज्याचं त्याने समजायचं. आम्ही समजायचो.

मग सांगत बसले. सरकारमान्य बँडना 'व्हीआयए' म्हणत, गायन-वादन वृंद. त्यांनी मुख्यतः संगीतकार संघातल्या लोकांची गाणी वाजवायची, प्रत्येक गाण्याचे शब्द आधी मंजूर करून घ्यायचे. मशीना व्रेमेनी दहा वर्षं त्याच्या बाहेर होती. मकारेविचला १९७४ मध्ये वास्तुशास्त्राच्या संस्थेतून काढलं, आणि कारण दिलं काय, तर भाजीच्या गोदामातलं श्रमदान सोडून लवकर गेला. (हे मी आधी वाचलं होतं, पण काकांच्या तोंडून ऐकताना 'भाजीचं गोदाम' जास्त चांगलं वाटलं.) पुढे त्याने संध्याकाळच्या वर्गाला बसून पदवी घेतलीच. १९७९ च्या शेवटी बँड 'रोसकोन्सेर्त' या कार्यक्रम करणाऱ्या सरकारी संस्थेत गेला आणि १९८० च्या मार्चमध्ये तिबिलिसीच्या रॉक महोत्सवात पहिला आला, एस्टोनियाच्या 'मॅग्नेटिक बँड'बरोबर विभागून. त्याच महोत्सवात लेनिनग्राडच्या 'अक्वारिउम' या बँडने गोंधळ घातला आणि त्यांच्या बोरीस ग्रेबेन्शिकोवची नोकरी गेली.

"मग सरकारी झाल्यावर तुमचा रस गेला असेल," मी म्हटलं.

"काही मित्रांचा गेला. माझा कशाला जाईल? मी शब्द शिकत होतो त्यांच्याकडनं."

१९८२ च्या एप्रिलमध्ये 'कोम्सोमोल्स्काया प्राव्दा' या वर्तमानपत्रात मशीना व्रेमेनीवर टीकेचा लेख आला: 'निळ्या पक्ष्याचा रस्सा'. निळा पक्षी त्यांच्याच गाण्यातला. खाली सह्या सैबेरियातल्या क्रास्नोयार्स्कच्या मान्यवरांच्या, त्यात लेखक व्हिक्तर अस्ताफ्येवही. हॉस्टेलमध्ये कुणीतरी तो लेख भिंतीला लावला आणि दुसऱ्या दिवशी खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं, 'मीठ कमी आहे'. वाचकांनी बँडच्या बाजूने पोत्यांनी पत्रं पाठवली. काकांनीही एक लिहिलं होतं. "पाठवलं का?" विचारलं तर म्हणाले, "व्याकरण तपासायला एका मैत्रिणीकडं दिलं. तिनं परत दिलंच नाही."

सातवं गाणं आलं. काका सरळ बसले. कडव्याच्या शेवटी मकारेविच तो शब्द म्हणतो, जोर पहिल्या अक्षरावर, लख्ख. तीन यंत्रं आणि पंचेचाळीस वर्षं मधे असून लख्ख.

"बघ," काका म्हणाले. "झामक म्हणतोय. मला तेव्हा कसं ऐकू आलं नाही?"

मी पुन्हा लावलं. पुन्हा ऐकलं. चहा झाला.

दुसरी वाट, म्हणजे त्यांचं स्वतःचं घोकणं, ऐकवू का विचारलं. नको म्हणाले. जेवणानंतर स्वतःच म्हणाले, लाव. ऐकताना त्यांनी त्या हसणाऱ्या मुलाचं नाव सांगितलं, ते इथे लिहीत नाही. त्याच्याशी शेवटचा पत्रव्यवहार १९९१ चा.

५ जुलै

काम संपवलं. प्रत्येक वाट दोन प्रकारे ठेवली: जशी उतरली तशी, आणि वेग सुधारलेली. हिस दोन्हींत आहे. रीळ नव्या आम्लरहित खोक्यात, सावकाश वेगाने गुंडाळून, टोक बाहेर. जुनं खोकं आणि चिठ्ठी वेगळ्या पाकिटात.

यादी टाइप करून काकांना पाठवली. सातव्या ओळीत मी 'किल्ल्यावरचा झेंडा' केलं होतं. अर्ध्या तासात फोन.

"ते सात नंबरचं परत कर."

"काका, चूक आहे ते."

"माहिताय. परत कर."

रीळ क्रमांक १, वाट १, गाणे ७: कुलपावरचा झेंडा. नाव मूळ चिठ्ठीप्रमाणे. बदलू नये.